जॉर्ज गिसिंग : पांढरपेशा गरिबी लिहिणारा कादंबरीकार

पैलतीर

गेले दोन महिने रात्रीची झाकपाक झाली की मी एकाच लेखकाला घेऊन बसतेय. जॉर्ज गिसिंग. (ग गवतातला.) डिकन्स, हार्डी ही नावं कुणाला सांगावी लागत नाहीत. गिसिंगचं नाव काढलं की समोरचा गप्प होतो, नाहीतर "तो चोरी करून तुरुंगात गेलेला का?" असं विचारतो. माझं म्हणणं एवढंच, की या माणसाची कीर्ती त्याच्या आयुष्यातल्या भानगडींनी खाल्ली. खरं तर शिकलेल्या माणसाची गरिबी, आपण जिला पांढरपेशा गरिबी म्हणतो ती, त्याने पै-पैच्या हिशोबासकट कादंबरीत आणली आणि शेवटपर्यंत सोडली नाही.

आधी आयुष्य. जन्म १८५७, यॉर्कशरमधलं वेकफिल्ड. वडिलांचं औषधांचं दुकान, घरात पुस्तकांची आवड. मुलगा तेरा वर्षांचा असताना वडील गेले. शिष्यवृत्त्या मिळवत तो मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात पोचला आणि बक्षिसांवर बक्षिसं घेत सुटला. तिथे त्याला नेल हॅरिसन भेटली. कोवळ्या वयाची, रस्त्यावर देह विकून जगणारी मुलगी. तिला त्यातून बाहेर काढायचं तर पैसे हवेत, आणि ते त्याने कॉलेजच्या कपडे ठेवायच्या खोलीत, सोबतच्या मुलांच्या कोटांतून काढले. १८७६ च्या मे अखेरीस पकडला गेला. एक महिना सक्तमजुरी. प्राध्यापकीची स्वप्नं तिथेच संपली. मग त्याला अमेरिकेला धाडलं. शिकागोत वर्तमानपत्रांना कथा विकल्या, ट्रॉय नावाच्या गावात काही दिवस नुसत्या शेंगदाण्यांवर काढले. १८७७ मध्ये परत आला, १८७९ मध्ये नेलशी लग्न केलं. तिचं पिणं सुटलं नाही, संसार टिकला नाही. वेगळे झाल्यावरही तो तिला खर्चाला पैसे देत राहिला.

१८८८ च्या मार्चमध्ये तो लंडनच्या लॅम्बेथ भागातल्या तिच्या खोलीवर गेला, ती आदल्याच दिवशी वारली होती. त्या भेटीबद्दल त्याने रोजनिशीत जे लिहिलंय ते वाचून मी त्या रात्री पुस्तक मिटून ठेवलं. दाराला लटकवलेला एक जुना झगा आणि झिजलेला कोट. पलंगाखाली बूट. बाकीचं सगळं गहाण, त्याच्या चिठ्ठ्या तेवढ्या उरलेल्या. खणात पावाचा तुकडा आणि थोडं लोणी. दारू सोडल्याच्या शपथेची तीन कार्डं, गेल्या सहा महिन्यांतली, तिच्या सहीची. आणि त्याने तिला पाठवलेली पत्रं, पार अमेरिकेपासूनची, सगळी जपून ठेवलेली. तीन आठवड्यांच्या आत त्याने 'द नेदर वर्ल्ड' लिहायला घेतली.

पण मला सगळ्यात जास्त लागली ती १८९१ ची 'न्यू ग्रब स्ट्रीट'. नायक एडविन रीअर्डन, कादंबरीकार. दोन बऱ्या कादंबऱ्या लिहून झाल्यात, बायको एमी, एक लहान मूल, आणि आता लिहिणं होत नाहीये. भाडं थकत चाललंय. रोज इतकी पानं झाली तर इतक्या आठवड्यांत तीन खंड, इतके पौंड, म्हणजे अमुक महिन्यापर्यंत निभेल, असं गणित तो मांडतो. मग एक दिवस पानं होत नाहीत आणि सगळं गणित पुन्हा पहिल्यापासून.

मी पंधरा वर्षं घरी बसून भाषांतरं करते. शब्दाला इतके पैसे. एकदा चार महिने एकाच कामाचे पैसे अडकले होते. काम देणाऱ्यांना फोन केला की "पुढच्या सोमवारी बघतो". त्या चार महिन्यांत मी प्रत्येक वाक्य लिहिताना त्याचे शब्द मोजत होते. वाक्य चांगलं झालं की वाईट, हे मला दिसतच नव्हतं. रीअर्डनचं नेमकं तेच होतं, आणि गिसिंग ते कसलाही गळा न काढता लिहितो.

यात बिफेन नावाचा रीअर्डनचा मित्र आहे, त्याच्याहून गरीब. दोघं जेवायला बसतात तेव्हा ताटात पाव आणि ड्रिपिंग, म्हणजे मांस भाजताना उतरलेली, थिजलेली चरबी. वर मीठ-मिरपूड. बिफेन ते काटा-सुरीने खातो, कारण तसं खाल्लं की जेवण भरपूर वाटतं. आणि खाता खाता दोघं ग्रीक छंदांवर वाद घालतात, अगदी रंगून. ते पान मी तीनदा वाचलं.

तुमच्यापैकी कुणी वाचलाय का? आणि याचं नाव मागे का पडलं असेल, तुम्हाला काय वाटतं?

---

ग्रंथपाल_काका

पैलतीरताई, फार बरं वाटलं. मी ३१ वर्षं तालुक्याच्या गावी 'ब' वर्ग वाचनालय सांभाळलं, त्यामुळे 'न्यू ग्रब स्ट्रीट'मध्ये मला वाचनालयच जास्त दिसलं. ते सांगतो, कारण त्याशिवाय रीअर्डनची कोंडी पूर्ण कळत नाही.

त्या काळी इंग्लंडात नवी कादंबरी तीन खंडांत यायची. किंमत ३१ शिलिंग ६ पेन्स. एवढे पैसे मध्यमवर्गीय घर एका कादंबरीवर घालणं शक्यच नव्हतं. मग लोक वाचायचे कुठून? मूडीसारख्या वर्गणीच्या वाचनालयांतून. वर्षाला एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग भरायचे आणि एका वेळी एक खंड घरी न्यायचा. आता गंमत बघा, कादंबरी तीन खंडांची असली की एकाच वेळी तीन वर्गणीदारांकडे फिरते. म्हणून वाचनालयाला तीन खंड हवेत, म्हणून प्रकाशकाला हवेत, म्हणून लेखकाने लिहायचे. गोष्ट दीड खंडात संपत असेल तरी. रीअर्डन दुसऱ्या खंडात अडकून पडतो तो काही त्याच्या एकट्याचा आळस नव्हे, त्या व्यवहारानेच त्याला तिथे अडकवलंय. आणि मूडीला जे पुस्तक घरातल्या मुलीबाळींसमोर ठेवण्याजोगं वाटत नसे ते तो फडताळात ठेवत नसे, म्हणजे खपाचा रस्ताच बंद.

१८९४ मध्ये मूडी आणि डब्ल्यू. एच. स्मिथ या दोघांनीच जाहीर केलं की एका खंडाला ४ शिलिंगांपेक्षा जास्त देणार नाही. दोन-तीन वर्षांत तीन-खंडी कादंबरी संपली. गिसिंगची उमेदीची वर्षं मात्र त्या जात्यात गेली होती.

आणखी एक. 'न्यू ग्रब स्ट्रीट' त्याने १८९० च्या ऑक्टोबर ते डिसेंबरात, सुमारे दोन महिन्यांत लिहिली आणि सगळे हक्क १५० पौंडांना विकून टाकले. एकरकमी. पुढे कितीही आवृत्त्या निघोत, त्याला एक पेनी नाही. त्यातला रीअर्डन जे करतो तेच त्याने केलं.

---

नदीकाठ

+१ काका. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' याच वर्षांत, १८९० पासून, 'करमणूक'मध्ये आठवड्याला थोडी थोडी येत होती, हे तुमचा प्रतिसाद वाचताना लक्षात आलं. तिकडे खंडांनी लांबी ठरवली, इकडे साप्ताहिकाने.

---

अबोली

धागा मनापासून लिहिलाय हे दिसतंय, म्हणूनच जरा स्पष्ट लिहिते.

नेलच्या खोलीचं वर्णन वाचून मलाही गलबलून आलं. पण त्या खोलीत त्याची पत्रं सापडली. तिची पत्रं कुठे आहेत? नेलबद्दल आपल्याला जे काही माहीत आहे ते त्याच्या आणि त्याच्या मित्रांच्या लेखणीतून. ती दारू पीत होती, संसार जमला नाही, सगळं तो सांगतो म्हणून. तिला काय वाटत होतं?

आणि दुसरं लग्न? इडिथ अंडरवुड. १८९१. त्याचं तेव्हाचं म्हणणं होतं की शिकलेली मुलगी गरिबीत संसार करायला तयार होत नाही, म्हणून कमी शिकलेली बघायची. म्हणजे जिला आपण आपल्या बरोबरीची मानत नाही तिच्याशी मुद्दाम लग्न करायचं आणि मग ती बरोबरीची नाही म्हणून आयुष्यभर कुढायचं. दोन मुलगे झाले. मोठ्याला तो वेकफिल्डला आई-बहिणींकडे ठेवून आला. १८९७ मध्ये घर सोडलं. इडिथ १९०२ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात गेली आणि १९१७ मध्ये वारली. ती इस्पितळात गेली तेव्हा हा फ्रान्समध्ये गॅब्रिएल फ्लरीबरोबर राहत होता.

त्याच्या भानगडींनी त्याची कीर्ती खाल्ली म्हणता. या दोघींचं काय खाल्लं त्याने, तेही बोलूया.

---

पैलतीर

अबोली, तुमचा शब्दन् शब्द मान्य आहे. "भानगडी" हा शब्द मी फार सहज वापरला, तो चुकलाच. इडिथच्या बाबतीत मला त्याचा बचाव करायचा नाही, करता येणारही नाही.

पण एक विचारते. हाच माणूस १८९३ मध्ये 'द ऑड विमेन' लिहितो. इंग्लंडात पुरुषांपेक्षा बायका काही लाखांनी जास्त, म्हणजे तितक्या जणींचं लग्न होणारच नाही, आणि त्यांना दुसरं काही शिकवलेलंच नाही. त्यातली रोडा नन आणि मेरी बारफूट मुलींना टंकलेखन शिकवून पायावर उभं करतात. शेवटी रोडा लग्नाला नाही म्हणते आणि लेखक तिला शिक्षा करत नाही. दुसरीकडे मोनिका गरिबीला भिऊन एका वयस्क, संशयी माणसाशी लग्न करते, आणि तो नवरा तिच्यावर जो पहारा ठेवतो तो गिसिंगने इतक्या आतून लिहिलाय की मला वाटतं, त्याला स्वतःतला तो नवरा ओळखीचा होता. घरात जे त्याला दिसलं नाही ते कागदावर दिसलं. हे त्याला माफ करण्यासाठी नाही म्हणत. मला ते खरोखर कळत नाही, आणि म्हणूनच मी त्याला सोडू शकत नाहीये.

---

गिरणगाव

मी लालबागचा. आजोबा आणि वडील दोघंही गिरणीत. 'द नेदर वर्ल्ड' मी या धाग्यामुळे नाही, आधीच वाचलीय, आणि माझं त्याच्याशी भांडण आहे.

लंडनच्या क्लार्कनवेलचे कारागीर, दागिन्यांची कामं करणारे, कृत्रिम फुलं बनवणाऱ्या बायका, एका खोलीत संसार. हे सगळं त्याने पायी फिरून, नीट बघून लिहिलंय, त्याबद्दल सलाम. पण ते सुट्टीच्या दिवसाचं प्रकरण आठवा. बॉब आणि पेनीलोफ सकाळी लग्न करतात आणि क्रिस्टल पॅलेसला जत्रेला जातात. कष्टकऱ्याला वर्षातून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके दिवस मिळतात, त्यातला एक. आणि लेखक तिथे नाकाला रुमाल लावून उभा. यांची गाणी वाईट, यांचं हसणं वाईट, यांचे चेहरे वाईट. आमच्याकडे गणपतीच्या दहा दिवसांत माझे आजोबा नाचायचे. उरलेलं वर्ष त्यांनी साच्यावर काढलं होतं. गिसिंगने त्यांना बघितलं असतं तर फक्त घाम दिसला असता.

त्याला गरिबी कळली ती पांढरपेशा माणसाचीच. पैलतीर, तुमचं शीर्षक त्या अर्थाने अगदी बरोबर आहे, कदाचित तुम्हाला वाटतं त्याहून जास्त.

---

पैलतीर

गिरणगाव, या प्रतिसादासाठी वेगळे आभार. ते प्रकरण मला बोचलं होतं, पण का ते तुम्ही सांगितल्यावर कळलं. एकच गोष्ट जोडते. पेनीलोफची आई मिसेस कँडी, तिच्या खोलीच्या भिंतीवर दारू सोडल्याच्या शपथेची कार्डं लावलेली आहेत, वेगवेगळ्या तारखांची. ती लॅम्बेथच्या खोलीतली कार्डं आहेत. तिथे तो नाकाला रुमाल लावत नाही.

---

गिरणगाव

हे माहीत नव्हतं. ते पान पुन्हा काढून बघतो.

---

पश्चिमवारा

मी लीड्सला राहतो, वेकफिल्ड इथून आगगाडीने जवळच. वेस्टगेटवरून आत एका बोळात गिसिंगचं लहानपणीचं घर जपून ठेवलंय, त्याच्या चाहत्यांनी चालवलेलं. दोन वर्षांपूर्वी गेलो होतो. मोठ्या लेखकांच्या घरांसमोर असते तशी रांग वगैरे नाही. माझ्याबरोबर आत अजून एकच बाई होत्या आणि त्या पावसापासून आडोशाला आल्या होत्या, पण मग तासभर थांबल्या.

अबोलींनी ज्या मोठ्या मुलाबद्दल लिहिलंय, तो वॉल्टर. पहिल्या महायुद्धात, १ जुलै १९१६ ला, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी मारला गेला. पंचविशीही पुरी झाली नव्हती. तेव्हा वडील जाऊन बारा वर्षं उलटली होती आणि आई इस्पितळात होती. गिसिंग २८ डिसेंबर १९०३ ला गेला, वयाच्या ४६ व्या वर्षी, पिरेनीजच्या पायथ्याशी एका खेड्यात. शेवटच्या दिवसांत लेखक एच. जी. वेल्स तार मिळताच नाताळात धावत तिथे गेले होते. त्याचं दफन सां-जाँ-द-लूझ या समुद्रकाठच्या गावात झालं.

---

सायली१९

सगळं वाचून उत्सुकता वाढलीय. सुरुवात कुठून करू? मला 'हेन्री रायक्रॉफ्ट' सुचवलं होतं कुणीतरी, लहान आहे म्हणून.

---

पैलतीर

सायली, रायक्रॉफ्ट नंतर वाच, अगदी शेवटी. मागे पडण्याचं एक कारण मला तेच पुस्तक वाटतं. त्यातला म्हातारा लेखक आयुष्यभर लंडनमध्ये झिजतो आणि मग एका मित्राच्या मृत्युपत्रामुळे त्याला वर्षाला ३०० पौंड मिळू लागतात. डेव्हनमध्ये घर, बाग, पुस्तकं, ऋतू. १९०३ मध्ये आलं आणि त्याचं सगळ्यात लोकप्रिय पुस्तक झालं, जपानमध्ये तर पिढ्यान् पिढ्यांनी त्यावर इंग्रजी शिकून घेतलं. लोकांना वाटलं, अखेर गिसिंगला विसावा मिळाला. प्रत्यक्षात ते ३०० पौंड त्याला कधीच मिळाले नाहीत. त्याने ते पात्राला दिले. आधी 'न्यू ग्रब स्ट्रीट' वाचलीस की त्या विसाव्याची किंमत कळते.

दुसरं कारण त्याचे मित्र. मॉर्ली रॉबर्ट्स हा ओवेन्स कॉलेजपासूनचा दोस्त. त्याने १९१२ मध्ये नावं बदलून गिसिंगचं चरित्रच कादंबरी म्हणून छापलं. चोरी, तुरुंग, बायका, सगळं बाहेर आलं. १८९० च्या दशकात मेरेडिथ आणि हार्डीच्या बरोबरीने ज्याचं नाव घेतलं जायचं, त्याच्या कादंबऱ्या लोक आता कबुलीजबाब म्हणून वाचायला लागले. रीअर्डन म्हणजे तोच, एमी म्हणजे इडिथ, असली जोडाजोड. एमीचं घ्या. शिकलेली, हुशार, दहा हजार पौंडांचा वारसा मिळाल्यावर वाङ्मयाचा धंदा करणाऱ्या जॅस्पर मिल्व्हेनशी लग्न करणारी. ती इडिथ कशी असेल?

---

ग्रंथपाल_काका

त्याच्या बाजूने उभा राहिलेला माणूस म्हणजे जॉर्ज ऑर्वेल. 'न्यू ग्रब स्ट्रीट', 'डेमॉस' आणि 'ऑड विमेन' एवढ्याच्याच जोरावर, याच्याहून सरस कादंबरीकार इंग्लंडने फार थोडे दिले असं ठामपणे म्हणायला तो तयार होता. १९४८ चा लेख, पण छापून आला १९६० मध्ये, ऑर्वेल जाऊन दहा वर्षं झाल्यावर. त्याच्या एका आधीच्या लेखाचं शीर्षकच 'पुरेसे पैसे नाहीत' अशा अर्थाचं होतं. नंतर १९६५ पासून गिसिंगवर वाहिलेलं एक नियतकालिक निघालं, पिएर कुस्तियास या फ्रेंच अभ्यासकाने त्यात हयात घालवली. पत्रांचे नऊ खंड निघाले.

सायली, 'न्यू ग्रब स्ट्रीट'मध्ये मॅरियन यूल ब्रिटिश म्युझियमच्या वाचनकक्षात बसलेली आहे ते प्रकरण सावकाश वाच. बाहेर धुकं, ते आत घुमटाखाली शिरतंय. बापासाठी जुन्या पुस्तकांतून नवे लेख काढून द्यायचं तिचं काम. तिच्या मनात येतं, आधीच एका माणसाला जन्मभर पुरणार नाही इतकं चांगलं लिहिलेलं पडलंय, मग मी हे का वाढवतेय? वर्तमानपत्रात 'लिटररी मशीन' अशी जाहिरात दिसते आणि तिला क्षणभर वाटतं, आपल्याऐवजी पुस्तकं लिहिणारं यंत्र निघालं. १८९१ मध्ये लिहिलंय हे. मी निवृत्त होताना वाचनालयाचा दिवा मालवून कुलूप लावलं तेव्हा मला मॅरियनच आठवली होती.

---

अबोली

तीन दिवसांनी परत आलेय. भांडत होते म्हणून 'ऑड विमेन' वाचायला घेतली.

पहिल्याच प्रकरणात डॉक्टर मॅडन, सहा मुलींचा बाप, थोरल्या लेकीबरोबर फिरताना सांगतो की उद्याच मी हजार पौंडांचा विमा उतरवणार. आणि बायकांना पैशाची चिंता करावी लागणं त्याला फार वाईट वाटतं. रात्री रोग्याकडे जायला निघतो, घोडा पडतो, बाप खलास. विमा उद्या होता. पुढचं प्रकरण पंधरा-सोळा वर्षांनंतरचं, दोघी थोरल्या बहिणी लंडनमध्ये एका खोलीत. आपल्याजवळच्या पैशांत किती महिने काढता येतील त्याचा हिशोब करत बसलेल्या. जेवायला भात. लोणी, मीठ, मिरपूड.

माझ्या आत्याच्या घरी असंच होतं. काका गेले तेव्हा विम्याचा अर्ज भरून कपाटात ठेवलेला होता, सही राहिली होती. आत्या महिनाअखेरीला आम्हाला मीठ-तूप-भात वाढायची आणि म्हणायची, आज गंमत म्हणून साधंच जेवू. आम्हा मुलांना ते खरंच गंमत वाटायचं.

त्या दोघी बहिणींतली व्हर्जिनिया आत्ता चेअरिंग क्रॉस स्टेशनात शिरलीय, इकडे तिकडे बघत, आणि काउंटरपाशी ब्रँडी मागतेय. पुढे वाचून लिहिते.